काँक्रीटच्या भिंतीवर ड्रिल न करता केबल कशी बसवावी?

निवांतपणे

मंडळी, भाड्याचं घर आहे आणि करारात साफ लिहिलंय की भिंतीला भोक पाडायचं नाही. राउटर मुख्य दाराजवळ आहे, माझं कामाचं टेबल अगदी टोकाच्या खोलीत. वायफाय तिथवर पोचतं, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो. म्हणून नेटवर्कची केबलच ओढायची ठरवलीय, साधारण २० मीटर होईल.

भिंती काँक्रीटच्या, वरून गिलावा, पुट्टी आणि रंग. एक भिंत मात्र तशीच उघडी ठेवलीय, नुसतं राखाडी काँक्रीट. (ते डिझाइन आहे म्हणे.) मार्ग असा डोक्यात आहे: राउटरपासून वर, मुख्य दाराच्या चौकटीच्या वरून आडवं, मग उघड्या काँक्रीटच्या भिंतीवरून, दोन कोपरे वळून खोलीत.

मागे चिकटपट्टी असलेल्या क्लिपा घ्याव्यात असा विचार आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, पडतात. मग टिकतं काय? आणि घर सोडताना रंगासकट उपटून येणार नाही असं काही असतं का?

उगाच_एक

राउटर उचला, टेबलापाशी न्या. धागा समाप्त.

निवांतपणे

@उगाच_एक, फायबरचा डबा दाराजवळ आहे हो. राउटर हलवायचा तर तिथून केबलच ओढावी लागणार!

उगाच_एक

मग टेबल दारात न्या. आल्यागेल्याशी बोलणंही होईल.

गवंड्याचा_नातू

क्लिपा पडतात हे खरं, पण का पडतात ते कुणी बघत नाही. लोक लगेच "अजून भारी गोंद" शोधायला निघतात.

आधी वजनाचं बघू. साधी कॅट-६ केबल मीटरला ४०-४५ ग्रॅम भरते. तुमची २० मीटरची अख्खी केबल किलोभरही नाही. दर फुटाला एक क्लिप लावली तर एकीच्या वाट्याला बारा-तेरा ग्रॅम. एवढं वजन कुठलीही बरी टेप पेलते, त्यामुळे वजनाची चिंता सोडा.

चिंता करायची ती दोन गोष्टींची. पहिली म्हणजे टेप भिंतीला चिकटतच नाही. ती चिकटते रंगाला. रंगानं पुट्टी धरलेली, पुट्टीनं गिलावा, गिलाव्यानं काँक्रीट. यात जो थर सगळ्यात कच्चा, तिथून सगळं सुटणार. पडलेली क्लिप फेकू नका, उलटी करून बघा. पाठीला रंगाचा पापुद्रा आला असेल तर गोंद चांगलाच होता, रंग कच्चा होता. पांढरी भुकटी दिसली तर भिंत झडतेय. पाठ स्वच्छ आणि अजून चिकट असेल तर भिंत तेलकट किंवा ओलसर होती, नाहीतर लावताना नीट दाबली नव्हती.

दुसरी गोष्ट कोपरे. केबल गुंडाळीतून सोडली तरी तिचा पीळ जात नाही. सरळ भिंतीवर ती गप्प बसते, पण वळणावर क्लिपेला भिंतीपासून दूर ढकलत राहते, रात्रंदिवस. टेप खाली सरकायला चांगला विरोध करते, पण एक कड उचलली गेली की सोलत जाते. पाकिटावरची चिकटपट्टी आपण अशीच काढतो, कड धरून. म्हणून पहिली क्लिप नेहमी कोपऱ्यातली पडते. ती पडली की शेजारचीवर ताण येतो, आणि मग रांगच.

पॉलिशपेपर

+१. रंगकामात आयुष्य गेलं, म्हणून एक भर घालतो.

रंग किती धरतो हे बघायची सोपी रीत: कपाटामागे किंवा न दिसणाऱ्या जागी चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला तर त्या भिंतीवर काहीही चिकटवायचं नाही, विषय संपला. डिस्टेंपर किंवा चुना असेल तर बोट फिरवलं तरी पांढरं लागतं. तिथेही तेच उत्तर. धुता येणारा प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट असेल तर जमेल. आणि रंग नवा असेल तर निदान दोन-तीन आठवडे थांबा. हाताला कोरडा लागला म्हणजे आतून पिकला असं नाही.

शंकासुर

एक बाळबोध शंका. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया असतात ना? मग चुंबकवाले हूक का नाही चालणार?

इमारतीतला_माणूस

@शंकासुर, सळई पृष्ठभागापासून २० ते ४० मिमी आत असते, त्यावर गिलावा. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्यानं कमी होते. हूक तुमच्या हातातच राहील. सळया शोधणारं यंत्र मात्र त्यांचा माग लावतं.

धाग्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, "भोक पाडायचं नाही" ही अट दरवेळी घरमालकाचा हेका नसते. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात, पोस्ट-टेन्शन म्हणतात त्याला. तशी तार ड्रिलनं दुखावली तर नुसती डागडुजी करून भागत नाही. काही ठिकाणी भिंतीत पाण्याचे पाइप नाहीतर वायरिंगच्या नळ्या असतात. त्यामुळे "एवढंसं भोक, कोण बघतंय" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

खिळेमोड्या

भोक नको ना? मग हातोडी घ्या की! खिळ्यावाल्या क्लिपा येतात, अर्धगोल प्लास्टिक आणि एक पोलादी खिळा. करारात "भोक" लिहिलंय, "खिळा" लिहिलेलं नाही.

कलमबहाद्दर

वकील म्हणून सांगतो, ही मांडणी कुठल्याही न्यायालयात पाच मिनिटंही टिकणार नाही.

खिळेमोड्या

खिळा तरी टिकेल ना!

गवंड्याचा_नातू

तोही नाही टिकणार. या क्लिपांचे खिळे दोन-अडीच सेंटिमीटरचे. गिलावा जाड असेल तर त्यातच रुततात आणि धरतात. विटांच्या भिंतीत सांध्याचा मसाला सापडला तर मस्तच. पण पातळ गिलाव्याखाली मुरलेलं काँक्रीट लागलं की खिळा वाकतो, उडतो, नाहीतर तळहाताएवढी खपली काढतो. खडी आडवी आली तर विचारूच नका. कडक पोलादाचा खिळा तुटून डोळ्याकडे येऊ शकतो, म्हणून गॉगल घातल्याशिवाय काँक्रीटवर हातोडी नाही.

कुणी "खिळ्याची बंदूक" सुचवायच्या आधीच सांगतो: काडतुसावर किंवा गॅसवर चालणारी ती यंत्रं बांधकामावरच्या शिकलेल्या माणसासाठी. एका इंटरनेटच्या वायरीसाठी घरात गोळीबार नको.

उगाच_एक

गोळीबार झाला तर मीटिंग आपोआप रद्द होईल, हा फायदा कुणीच मांडला नाही.

तिसरी_खोली

मी ग्लू गननं टेबलाखालच्या सगळ्या वायरी बसवल्या आहेत, वर्षानुवर्षं हललेल्या नाहीत. मग लोक महागड्या टेपांच्या मागे का लागतात?

रसायनकाका

@तिसरी_खोली, टेबल लाकडाचं आहे म्हणून. लाकूड उष्णता खेचत नाही, गोंद निवांत पसरतो आणि धाग्याधाग्यात शिरतो. काँक्रीट भरभर उष्णता ओढून घेतं. थेंब टेकल्याक्षणी त्याची भिंतीकडची बाजू गोठते, भिंत भिजायच्या आतच. वरून घट्ट दिसतं आणि नख लावलं की अख्खं बटण निघून येतं. गंमत म्हणजे भाडेकरूला हेच कधी सोयीचं पडतं, कारण निघताना खूण राहत नाही. पण उन्हाची भिंत असेल तर तो गोंद मऊ पडून सरकतो.

आता सगळ्याच गोंदांबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो.

फोमची ॲक्रिलिक टेप (थ्रीएमची व्हीएचबी याच जातीची): घरगुती उपायांत ही सगळ्यात भरवशाची, पण लावायची रीत पाळली तर. अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्धं पाणी घेऊन भिंत पुसा आणि वाळू द्या. सुवासिक क्लीनर वापरू नका, ते थर सोडतात. तापमान २१ ते ३८ अंशांच्या मधलं असलं तर उत्तम, १० अंशांच्या खाली लावूच नका. अंगठ्यानं जोर देऊन दाबा. हा गोंद दाबाला जागतो, म्हणजे जोर दिल्याशिवाय तो पृष्ठभागाच्या खाचांत शिरत नाही. आणि घाई करू नका. खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण ५० टक्के पकड येते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण पकड यायला ७२ तास. लोक क्लिप लावतात आणि दुसऱ्या मिनिटाला तिच्यात ताठ केबल कोंबतात, मग म्हणतात कंपनी वाईट.

किती टेप लागते? कायम लटकणाऱ्या वजनाला किलोमागे ५५ चौरस सेंटिमीटर असा ढोबळ हिशेब आहे. गवंड्याच्या नातवानं सांगितलेले तेरा ग्रॅम धरले तर एका क्लिपेला एक चौरस सेंटिमीटरसुद्धा लागत नाही. बाजारातल्या क्लिपेची पाठ त्याच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, वजन हा मुद्दाच नाही.

ओढून काढायच्या पट्ट्या: खाली शेपूट असलेल्या. शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ओढायची, म्हणजे पट्टी ताणून बारीक होते आणि सुटते. स्वतःकडे ओढली तर रंग आलाच. गुळगुळीत रंगाच्या भिंतीला आणि भाड्याच्या घराला हेच योग्य. खरखरीत काँक्रीटवर यांचा उपयोग नाही.

सिलिकॉन: आंबूस वास येणारं सिलिकॉन काँक्रीटवर वापरू नका. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, काँक्रीट अल्कधर्मी, दोघांची सांध्यावरच जुंपते आणि पकड जाते. वापरायचंच तर न्यूट्रल प्रकारचं. पण सिलिकॉनच्या डागावर पुढे कुठलाच रंग बसत नाही. पॉलिशपेपर सांगतील.

एमएस पॉलिमर, पॉलियुरेथेन, एपॉक्सीची पुट्टी: काँक्रीट धरण्यात यांना तोड नाही. काढताना मात्र गिलाव्याचा तुकडा बरोबर येतो. स्वतःचं घर असेल तरच.

झटपट गोंद आणि खायचा सोडा: व्हिडिओत छान दिसतं. सांधा कडक आणि ठिसूळ होतो, सोलणाऱ्या जोरापुढे टिकत नाही. हा गोंद सुती कापडावर सांडला तर तापतो आणि भाजतो, हे व्हिडिओत सांगत नाहीत.

आणि एक शेवटचं. केबल थेट टेपनं भिंतीला चिकटवू नका. पीव्हीसीचं आवरण मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि गोंदाचा चिकट राडा करतं. गोंद क्लिप आणि भिंत यांच्यामध्ये असावा, केबलला क्लिपेनं नुसतं कवेत घ्यावं.

पॉलिशपेपर

सिलिकॉनवर रंग बसत नाही याला शंभर वेळा अनुमोदन. वरून प्रायमर मारा, काहीही मारा, तेवढा डोळा उघडाच राहतो. खरवडून, घासून, वेळ पडली तर पुट्टी काढून नवी भरावी लागते.

वाचनखूण

रसायनकाका, प्रतिसाद साठवून ठेवलाय. वेगळा लेख का नाही लिहीत?

कोपऱ्यातली_मांजर

माझ्याकडे क्लिपा पडत नाहीत, पाडल्या जातात. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी केबल जमिनीलगत न्यायची नाही, एवढंच सांगते.

उगाच_एक

आयडी बघून वाटलं तुम्ही मांजराच्या बाजूनं बोलाल.

तारांगण

अवांतर: केबल हवीच का? दोन-तीन डब्यांचं मेश वायफाय आहे, विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर आहेत. भिंतीला हातही लावावा लागत नाही.

निवांतपणे

मेशचा विचार केला होता. पण काँक्रीटच्या दोन भिंती पार करताना डब्यांचं आपापसातलं बोलणंही वायफायवरच चालणार ना?

तारांगण

बरोबर. सळयांचं जाळं असलेल्या भिंती सिग्नल चांगलाच खातात, ५ गिगाहर्ट्झचा जास्तच. मधला डबा दाराच्या रेषेत ठेवला तर जमतं. पॉवरलाइनचा भरवसा घराच्या वायरिंगवर. दोन सॉकेट वेगळ्या फेजवर असतील तर वेग कोसळतो, आणि सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत खोचला तरी तेच. केबलला तोड नाही हे मान्य.

वायरमन_दादा

इतका वेळ वाचत होतो. कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो: वर जे जे लिहिलंय ते नेटवर्क, फायबर, स्पीकर असल्या कमी दाबाच्या वायरींपुरतं. विजेची मुख्य वायर गोंदाच्या भरवशावर भिंतीवर लावायची नाही. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर क्लिपांनी कायमची भिंतीवर डकवणं हाही तोच गुन्हा.

आणि निवांतपणे, तुमचा मार्ग मला खटकतोय. मुख्य दाराच्या वरून आडवी केबल नको.

निवांतपणे

का बरं? कमी दाबाचीच तर आहे.

वायरमन_दादा

शॉकचा प्रश्न नाही. आग लागली की टेप आणि प्लास्टिक सगळ्यात आधी सोडतं, आणि वायरी दारात लोंबतात. धुरात काही दिसत नसताना त्यात माणूस अडकतो. ब्रिटनमध्ये २००५ साली स्टीव्हनेजच्या हॅरो कोर्टमध्ये आणि २०१० साली साउदम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये आगी लागल्या, दोन्ही ठिकाणी दोन-दोन अग्निशामक जवान गेले. दोन्हीकडे खाली आलेल्या वायरींत जवान गुरफटल्याचं पुढे आलं. त्यानंतर तिथल्या वायरिंगच्या नियमांत, बीएस ७६७१ मध्ये, २०१५ साली तरतूद आली की बाहेर पडायच्या वाटेवरच्या वायरी आगीत लवकर खाली येणार नाहीत अशा आधारावर हव्यात. २०१८ च्या आवृत्तीत ती इमारतीतल्या सगळ्याच वायरींना लागू केली. नुसती प्लास्टिकची पट्टी हा आधार धरत नाहीत, धातूचा हवा. आणि यात "नेटवर्कची आहे" म्हणून सूट नाही.

तुम्हाला धातूचा आधार ठोकता येत नाही. मग केबल डोक्यावरून न्यायचीच नाही. खालून न्या, स्कर्टिंगच्या वरच्या कडेनं. खाली असलेली वायर खाली पडून कुणाच्या गळ्यात येत नाही.

इमारतीतला_माणूस

हा मुद्दा फार मोलाचा. गोंद कुठला याच्यावर आपण रकाने भरले, मार्ग कुणीच तपासला नव्हता.

कोपऱ्यातली_मांजर

म्हणजे मांजर की आग, असं निवडायचं?

वायरमन_दादा

ताई, पट्टीत घाला. झाकण असलेली प्लास्टिकची पट्टी, कॅसिंग-कॅपिंग. मांजराचे दात आत पोचत नाहीत.

गवंड्याचा_नातू

पट्टीचा दुसरा फायदा असा की चिकटायला लांबच लांब जागा मिळते आणि कोपऱ्यातला केबलचा जोर एका ठिपक्यावर न पडता पसरतो. पण पट्टीला पट्टी अगदी भिडवू नका. पीव्हीसी तापलं की वाढतं. २ मीटरची पट्टी २० अंशांच्या फरकानं तीनेक मिलिमीटर लांबते. जागा नसली तर मधोमध फुगते आणि स्वतःच स्वतःला भिंतीवरून उपटते. सांध्यात थोडी फट ठेवा, वरून जोडटोपी लावा.

दाराच्या चौकटी लाकडी असतील तर त्यांचा फायदा घ्या. लाकडावरचा ऑइलपेंट पुट्टीच्या भिंतीपेक्षा कितीतरी चांगला धरतो. खिडकीची चौकट, कपाटाची पाठ, पुस्तकांची मांडणी, पडद्याचा दांडा, भिंतीऐवजी जे जे वजन घेईल त्याला घेऊ द्या.

सूक्ष्मतार

केबलच बदलली तर? चपटी नेटवर्क केबल दोनेक मिलिमीटर जाड असते, पीळ नसतो, दाराखालूनही जाते. आतल्या तारा बारीक असतात, त्यामुळे फार लांब अंतराला आणि केबलमधून वीज न्यायची असेल तर नको. २० मीटरला साध्या कामाला चालून जावी. गोलच घ्यायची तर अखंड तांब्याच्या तारेची घेऊ नका, ती ताठ असते. बारीक तारांच्या पिळाची, पॅच केबल म्हणतात ती घ्या.

याहून बरं म्हणजे फायबरच पुढे न्या. मिलिमीटरभर जाडीची पारदर्शक फायबर येते, भिंतीवर दिसतही नाही आणि वजन नगण्य. वळणाला सोसणारी जी.६५७.ए२ जातीची घेतली तर साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवता येते. साध्या जी.६५२ फायबरला तेच ३० मिमी लागतात. कॅट-६ लाही कोपऱ्यात काटकोनात मोडू नका. जाडीच्या चौपट त्रिज्या ठेवा, म्हणजे साधारण २५ मिमी.

शंकासुर

मग राउटर टेबलापाशीच जाईल की!

उगाच_एक

माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा. मी काही बोलत नाही.

निवांतपणे

सगळ्यांचे आभार. चाचण्या करून आलो.

पॉलिशपेपर म्हणाले तशी पट्टी लावून ओढली. रंगाच्या भिंतींवर काहीच आलं नाही. उघड्या काँक्रीटवर मात्र पट्टी राखाडी झाली, नुसती भुकटी. पाण्याचा थेंब टाकला तर क्षणात पिऊन टाकला. मुख्य दारावरून जायचा बेत रद्द. सेवा पुरवणाऱ्यांना फायबर वाढवण्याबद्दल विचारलं, त्यांचा माणूस भिंतीत भोक पाडल्याशिवाय काम करत नाही म्हणाला. म्हणून पॅच केबल, स्कर्टिंगवरून.

आता एकच अडचण. उघड्या काँक्रीटचा दोनेक मीटरचा तुकडा टळत नाही, आणि तिथे स्कर्टिंगही नाही.

रसायनकाका

थेंब लगेच शोषला म्हणजे भिंतीवर सीलर नाही, छिद्रं उघडी आहेत. टेप लावायचीच तर ताठ ब्रशनं घासा, व्हॅक्यूमनं धूळ ओढा, ओलसर फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि टेपेच्या जागेपुरता प्रायमर लावा. टेप निदान मिलिमीटरभर जाड फोमची हवी, पातळ टेप खड्ड्यांच्या माथ्यांनाच टेकते.

त्याआधी ओल तपासा. हात-सव्वा हात चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडा चिकटवून रात्रभर ठेवा, सोळा तास तरी. आतून दव धरलं किंवा काँक्रीट काळपटलं तर भिंतीतून ओल येतेय. लोणा दिसत असेल तर चाचणीचीही गरज नाही. मिठाचे कण वाढतात आणि कुठलाही गोंद आतून ढकलून देतात.

पॉलिशपेपर

प्रायमरचा डाग उघड्या काँक्रीटवर कायम दिसतो हं. शोषून घेतं ते. रंगाच्या भिंतीला निदान हात मारता येतो, याला काहीच करता येत नाही. घरमालक नेमका त्याच भिंतीवर प्रेम करत असणार.

वायरमन_दादा

दोन मीटरसाठी एवढा खटाटोप कशाला? पट्टी भिंतीला चिकटवूच नका. भिंतीलगत जमिनीवर ठेवा, दोन्ही टोकं शेजारच्या स्कर्टिंगला पक्की करा, मधे एखादं कपाट किंवा कुंडी पुढे उभी करा. फरशी गुळगुळीत असेल तर पट्टीखाली टेप लावा, ती फरशीला धरेल आणि निघेलही. चालायच्या वाटेत मात्र यायला नको.

निवांतपणे

हे पटलं. फरशी गुळगुळीत आहे, आणि त्या भिंतीलगत तसंही कुणी चालत नाही.

गवंड्याचा_नातू

केबल आदल्या दिवशी सोडवून सरळ लांबवून ठेवा, नाहीतर एका टोकाला वजन बांधून लोंबत ठेवा. पीळ बराच जातो. आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना, वळणाला लागून, एकेक जास्तीची क्लिप.

नवा_गडी

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मला बाहेरच्या भिंतीवरून कॅमेऱ्याची केबल न्यायची आहे, तीही काँक्रीटच. हेच उपाय चालतील का?

वायरमन_दादा

नाही. ऊन आणि पाऊस दोन्ही वैरी. पांढरे केबल टाय उन्हात ठिसूळ होऊन तुटतात, काळे, उन्हाला टिकणारे घ्या. केबलही बाहेरच्या वापराची हवी. चिकटवण्याऐवजी पावसाच्या पाण्याचा पाइप, रेलिंग, खिडकीची जाळी यांना बांधत न्या. घरात शिरण्याआधी केबल थोडी खाली झोकवून मग वर आत घ्या, म्हणजे पाणी झोकातूनच गळून जातं, आत येत नाही.

तिसरी_खोली

छताला चिकटवलं तर? माझ्या घरात भिंतींना जागाच नाही.

रसायनकाका

छताला टेप म्हणजे सगळं वजन सोलण्याच्या दिशेनं, आणि वायरमन दादांनी सांगितलेला धोका आहेच. भिंत रिकामी नसेल तर फर्निचरच्या पाठीमागून न्या. कपाटाच्या लाकडाला तुमची ग्लू गनही चालेल.

पॉलिशपेपर

आणि फोमची टेप काढायची वेळ आली तर आधी हेअर ड्रायरनं कोमट करा, मग मासे पकडायचा नायलॉनचा दोरा क्लिपेमागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा. क्लिप मोकळी होते, भिंतीवर राहिलेला फोम बोटानं चोळत गोळा करायचा. पात्यानं खरवडू नका, पुट्टीला चरे पडतात.